बांधून दिलेला घास

आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड गेली काही वर्षे सिंगापुरात आहे. मागील वर्षी त्याच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आम्हा उभयतांना आला. पहिल्याच संध्याकाळी सूनबाई कामावरून परतली आणि स्वयंपाकघराकडे न वळता तिने दारातूनच विचारले, "काका, काकी, आज काय आणू? कोंबडीभात चालेल, की माशाचं कालवण?" आमच्या सौ.च्या कपाळावर आठी उमटली. "अगं, घरात चूल आहे ना? रोज का बाहेरचंच खाता?" सूनबाई हसली आणि पिशवी घेऊन खाली गेली. पंधरा मिनिटांत ती चार पुडकी घेऊन वर आली. एकात भात व कोंबडी, दुसऱ्यात मिरचीची चटणी, तिसऱ्यात सार, आणि चौथ्यात हिरवी भाजी. सारे वाफाळते होते. आठी टिकली खरी. पण भात मात्र उरला नाही.

खरे सांगावयाचे तर ती आठी आमच्याही मनात होतीच. घरी चूल असताना बाहेरून अन्न आणणे म्हणजे घर विस्कटल्याचे लक्षण, हा समज आपल्याकडे खोलवर मुरलेला आहे. पाहुणा आला असता पाव आणि मटण घरचेच हवे. बाहेरचे म्हणजे आजारपणात नाहीतर प्रवासात. पुढील तीन आठवडे आम्ही ती पुडकी उघडीत राहिलो आणि दुपारच्या वेळी त्यांचा इतिहास धुंडाळीत राहिलो. तो इतिहास चैनीचा किंवा आळसाचा नाही. तो चूल नसलेल्या माणसांचा आहे.

सिंगापुरात अन्न बांधून नेण्याला 'ता-पाऊ' म्हणतात. हा शब्द चिनी. अर्थ 'बांधणे, गुंडाळणे'. मलय भाषेत त्यालाच 'बुंगकुस' म्हणतात, त्याचाही अर्थ तोच. दुकानापुढे उभे राहिले की विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, तो येथेच खाणार की नेणार, एवढाच. दोन्ही शब्दांत गुंडाळण्याची क्रिया आहे, पेटीची किंवा डब्याची नाही. यावरून हे अन्न प्रथम कशात बांधले जात असे याचा सुगावा लागतो.

१८१९ साली रॅफल्सने या बेटावर इंग्रजांची वखार उघडली. बंदर मोकळे, जकात नाही; म्हणून व्यापार वाढला आणि व्यापाराबरोबर हमाल, खलाशी, सुतार, गवंडी आले. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून, तामीळ प्रदेशातून, जावा-सुमात्राकडून पुरुषांचे तांडे उतरू लागले. हिंदुस्थानातून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदीही आले, आणि त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते; शहरातील रस्ते व इमारती पुष्कळशा त्यांच्याच घामावर उभ्या राहिल्या. पुरुषांच्या मानाने स्त्रिया फारच थोड्या. हमाल आणि १८८० नंतर रिक्षा ओढणारे लोक दुकानांच्या माडीवर, फळ्यांनी विभागलेल्या अंधाऱ्या खुराड्यांत दाटीवाटीने राहत. तेथे पथारी पसरावयास जागा मिळाली तर नशीब. चूल कोठून मांडणार? आणि बारा-चौदा तास ओझी वाहून आल्यावर रांधणार कोण?

अशा माणसाच्या दारी अन्नच चालत आले. फेरीवाला खांद्यावर कावड घेऊन येई. कावडीच्या एका टोकाला पेटती शेगडी व उकळते सार, दुसऱ्या टोकाला वाडगी, शेवया, भाजी. म्हणजे अख्खे स्वयंपाकघरच तो खांद्यावर वाहून नेई. शेवयावाल्याची एक रीत मोठी मजेदार होती. त्याचा पोरगा बांबूच्या दोन काठ्या एकमेकींवर टोक-टोक आपटीत गल्लीत पुढे जाई. त्या आवाजावरून त्या शेवयांनाच लोक 'टोक-टोक मी' म्हणू लागले. माडीवरून कोणी हाक दिली की पोरगा मागणी ध्यानात ठेवी, बापाकडून वाडगे आणून देई आणि मागाहून रिकामे वाडगे व पैसे घेऊन जाई. वरच्या मजल्यावरील बाया दोरीला टोपली बांधून खाली सोडीत. टोपलीत नाणे जाई आणि वर अन्न येई. घरपोच जेवणाचा शोध आपल्या काळात लागला, असे ज्यांना वाटते त्यांनी ही टोपली डोळ्यांपुढे आणावी.

आता बांधण्याविषयी. ही गोष्ट आम्हाला विशेष भावली, कारण ती आपल्या परसातलीच निघाली. नारळाच्या दुधात शिजविलेला भात, 'नासी लेमाक', केळीच्या पानात गुंडाळला जाई. हैनान बेटावरून आलेले फेरीवाले कोंबडीच्या रसात शिजविलेल्या भाताचे गोळे वळून तेही केळीच्या पानातून देत. तव्यावर परतलेल्या तांदळाच्या शेवया ज्यात बांधीत त्याला 'ओपे' म्हणतात. एका जुन्या पद्धतीच्या गाळ्यावर आम्ही ते हातात घेऊन पाहिले, आणि पाहताक्षणी ओळखले. ती पोफळीची विरी! आपल्या कोकणपट्टीत जिचे द्रोण करतात, जिच्यावर बसून पोरे घसरगुंडी खेळतात, तीच. गरम शेवया तिच्यावर पडल्या की एक मंद, लाकडासारखा वास अन्नात उतरतो. विरी भिजून गळत नाही, अन्न गरम राहते आणि काम झाले की मातीत मिसळते. तामीळ चणेवाला आपले चणे-शेंगदाणे कागदाच्या सुरळीत देई, अगदी आपल्या चौपाटीवर देतात तसे. कॉफी न्यावयाची झाल्यास ती आटीव दुधाच्या रिकाम्या डब्यात ओतून डब्याला दोरी बांधून देत. काही गिऱ्हाईके घरचा एनॅमलचा पुडाचा डबा घेऊन येत, आणि काही तर शेवयांत फोडण्यासाठी घरचे अंडेसुद्धा आणीत. तेवढेच पैसे वाचत.

फेरीवाला उभा कोठे राही? तेथील जुन्या दुकानांपुढे पाच फूट रुंदीची छपराखालची वाट ठेवण्याचा दंडक होता. पाऊस-उन्हापासून पादचाऱ्याला आसरा, हा हेतू. प्रत्यक्षात त्या वाटेवर दुकानदारांचा माल, न्हावी, ज्योतिषी आणि अन्नविक्रेते यांनी ठाण मांडले. पालिकेने ती वाट मोकळी करण्याचा चंग बांधला, तेव्हा फेब्रुवारी १८८८ मध्ये दुकाने बंद झाली, दगडफेक झाली आणि शहर काही दिवस ठप्प झाले. अखेर तडजोड करावी लागली. त्याच १८८८ साली ओफिर रस्त्यावर लूर्डच्या मातेचे देऊळ तामीळ कॅथलिकांसाठी पूर्ण झाले. रविवारी मिस्साला आम्ही तेथेच गेलो होतो. आज तेथील रस्ता आरशासारखा स्वच्छ आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच शहरात पाच फुटांच्या वाटेसाठी दगड उडाले होते, हे कोणी सांगितल्याखेरीज खरे वाटू नये.

पालिकेची बाजूही अगदीच पोकळ नव्हती, हे न्यायाने म्हटले पाहिजे. फेरीवाल्याकडे नळाचे पाणी नसे. एकाच बादलीत दिवसभराची वाडगी बुचकळली जात. खरकटे गटारात आणि गटार नदीत. विषमज्वर व पटकी यांच्या साथी येत. परवाने, दंड, माल जप्त करणे, धावाधाव, आणि गुंडांच्या टोळ्यांना द्यावयाची खंडणी, हे फेरीवाल्याचे रोजचे जिणे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर बेकारी वाढली तशी फेरीवाल्यांची संख्याही फुगली. ज्याला अन्य काम मिळेना, त्याने शेगडी पेटविली. १९५० साली या प्रश्नाच्या चौकशीसाठी एक आयोगही नेमण्यात आला.

या गर्दीतच नवे पदार्थ जन्मले. प्रत्येक जमात आपली चव घेऊन आली होती, पण रस्ता सर्वांचा एकच. तेव्हा चवींची देवघेव झाली. माशाच्या डोक्याचे कालवण हा आज त्या देशाचा लाडका पदार्थ. चिनी माणसाला माशाचे डोके प्रिय आणि दक्षिण हिंदुस्थान्याला आंबट-तिखट रस्सा. या दोहोंची गाठ घालण्याचे श्रेय केरळातून आलेल्या गोमेझ आडनावाच्या एका खाणावळवाल्याला देण्यात येते. काळ १९५०च्या आसपासचा. आडनाव ऐकून सौ.ने प्रथमच त्या कालवणाची पाककृती विचारली, याची येथे नोंद करून ठेवतो.

१९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झाले. लहानसा देश, पाणीसुद्धा शेजाऱ्याकडून घ्यावे लागे. नव्या सरकारपुढे दोन मार्ग होते. फेरीवाल्यांना हाकलून देणे, हा एक. त्याने शहर स्वच्छ दिसले असते आणि हजारो कुटुंबे उपाशी पडली असती. शिवाय स्वस्त अन्न नाहीसे झाले असते, तर कारखान्यांतील मजुराचे वेतन वाढवावे लागले असते. सरकारने दुसरा मार्ग निवडला. १९६८-६९ मध्ये साऱ्या बेटावरील फेरीवाल्यांची नोंदणी केली. रस्त्यावरचे सुमारे १८,००० विक्रेते पटावर आले. मग १९७१ पासून त्यांच्यासाठी छपरे उभारण्यास आरंभ झाला. प्रत्येक गाळ्याला नळ, वीज, सांडपाण्याची मोरी. मध्ये सर्वांसाठी मेजे. १९८६ पर्यंत रस्त्यावरचे विक्रेते या केंद्रांत स्थिरावले. पंधरा वर्षे लागली. आम्हाला या सबंध हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती ही पंधरा वर्षांची चिकाटी. आधी मोजणी, मग परवाना, मग पर्यायी जागा, आणि त्यानंतर रस्ता मोकळा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो.

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. ज्या कोपऱ्यावर वीस वर्षे काढली तेथील गिऱ्हाईक नव्या जागी येईल का, ही धास्ती होती. भाडे आले, वेळ आली, तपासनीस आले. काहींनी धंदाच सोडला. ऑर्चर्ड रस्त्यावर आज काचेची उंची दुकाने आहेत. तेथे एक वाहनतळ होता. दिवसा मोटारी उभ्या राहत आणि संध्याकाळी मोटारी गेल्या की गाड्या लावून, कंदील पेटवून विक्रेते तेथे रांधीत. सारे शहर तेथे लोटे. १९७८ साली तो बाजार उठला आणि विक्रेते न्यूटन व अन्य केंद्रांत पांगले. पुढे सिंगापूर नदी स्वच्छ करण्याची दहा वर्षांची मोहीम १९७७ ते १९८७ या काळात झाली. तिच्या काठचे हजारो विक्रेतेही असेच हलविले गेले. समुद्राकाठी मांसाच्या काड्या भाजणाऱ्या मलय विक्रेत्यांचा प्रसिद्ध 'साते क्लब' १९९५ मध्ये बंद झाला. त्या जागांविषयी बोलताना आमच्या पुतण्याचे वयोवृद्ध शेजारी अजून हळवे होतात. चव तीच आहे, म्हणतात, पण वारा नाही.

याच काळात आणखी एक मोठा पालट घडत होता. १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि झोपड्या व खुराडी सोडून लोक उंच इमारतींत राहावयास गेले. आज तेथील सुमारे चार पंचमांश रहिवासी या मंडळाच्या घरांत राहतात. आता प्रत्येक घरात स्वयंपाकघर होते, चूल होती. मग बाहेरचे अन्न थांबावयास हवे होते, ते वाढले. कारण घरात चूल आली त्याच वेळी घरातील स्त्री कारखान्यात आणि कचेरीत कामाला गेली. नवरा-बायको दोघेही संध्याकाळी थकून परतणार, आणि इमारतीखालीच जेवणाचे केंद्र. पूर्वीचा हमाल एकटा खात असे. आता आई चार जणांचे बांधून वर नेऊ लागली. सौ.ला आम्ही हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या गिरणगावात नव्हत्या का खाणावळवाल्या?" तिचे खरे होते. गावी कुटुंब ठेवून आलेल्या गिरणी कामगाराला मुंबईत जेवू घातले ते चाळीतल्या एका खोलीत पंगती वाढणाऱ्या बायांनी. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना एकत्र आणीपर्यंत त्यांच्या कष्टांची कोणी दखलही घेतली नव्हती.

गुंडाळण्याची रीतही या स्थित्यंतरात बदलली. पान आणि विरी मागे पडली. मेणकापडासारखा तपकिरी कागद आला, मग प्लास्टिकच्या पिशव्या, मग थर्मोकोलची पेटी. कॉफीचा पत्र्याचा डबा जाऊन त्याजागी दोरीची प्लास्टिक पिशवी आणि तीत नळी आली. लोक ती बोटाला अडकवून चालतात. पुष्कळ गाळ्यांवर आता पेटीचे वीस-तीस सेंट वेगळे आकारतात. कागदात बांधणारे विक्रेते अद्याप आहेत. तळहातावर कागद, त्यावर भात, त्यावर कोंबडीच्या फोडी, दोन घड्या, एक रबरी दोर. सारे आठ-दहा सेकंदांत. आम्ही रांगेत उभे राहून केवळ ते हात पाहत असू.

या बांधलेल्या अन्नाची खरी कसोटी लागली ती करोनाच्या साथीत. ७ एप्रिल २०२० पासून तेथे बसून जेवण्यास मनाई झाली आणि ती १९ जून रोजी उठली. दहा आठवडे मेजे पट्ट्या लावून बंद. केवळ बांधून नेण्यास मुभा. सरकारने भाडे माफ केले. तरी सत्तरीच्या विक्रेत्याला भ्रमणध्वनीवरून मागण्या घेणे कोठून जमणार? तेव्हा बदकाचे मांस विकणाऱ्या एका गाळेधारकाने 'हॉकर्स युनायटेड – दाबाओ २०२०' नावाचा गट जमविला. 'दाबाओ' म्हणजे तोच ता-पाऊ. कोणाकडे काय मिळते, कोठे मिळते, हे लोक एकमेकांना कळवू लागले. नातवंडांच्या वयाची मुले म्हाताऱ्या विक्रेत्यांच्या पदार्थांची छायाचित्रे काढून देऊ लागली. दीडशे वर्षांपूर्वी काठ्या वाजवीत पुढे धावणाऱ्या पोराचेच हे काम. त्याच वर्षी, १६ डिसेंबर २०२० रोजी, युनेस्कोने सिंगापूरच्या या अन्नसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याआधी २०१६ मध्ये अशा दोन गाळ्यांना मिशेलिनचा तारा मिळाला होता. त्यांपैकी एकाचा कोंबडीचा पदार्थ तेव्हा अवघ्या दोन डॉलरला मिळे.

मान मिळाला, पण आम्हाला दिसली ती निराळीच चिंता. कोंबडीभात अजून चार-पाच डॉलरला मिळतो, म्हणजे आपले तीनशे रुपये. त्या शहराच्या मानाने हे फारच स्वस्त. लोकांना ते स्वस्तच हवे आहे. पन्नास सेंट वाढविले तर गिऱ्हाईक कुरकुरते. तेच गिऱ्हाईक वातानुकूलित दुकानात एका कॉफीला सात डॉलर मुकाट्याने देते. तांदूळ, तेल, वीज महागली, आणि वाढलेला भार गिऱ्हाइकाने न उचलल्यामुळे तो विक्रेत्याच्या पाठीवर पडला. तेथील अन्नविक्रेत्यांचे मध्यक वय साठीच्या आसपास आहे. रस्त्यावरून आलेल्या पहिल्या पिढीला सवलतीचे भाडे होते; नव्याला निविदा भरावी लागते. २०२४ साली मरीन परेड येथील एका गाळ्यासाठी दरमहा १०,१५८ डॉलरची बोली लागल्याचे जाहीर झाले, तेव्हा सारा देश चकित झाला. पाच डॉलरचा भात विकून हे भाडे कसे निघणार, याचा हिशेब वाचकांनीच करावा. २०११ पासून सरकारने पुन्हा नवी केंद्रे बांधण्यास घेतली, शिकाऊ विक्रेत्यांसाठी योजना काढल्या. छप्पर सरकारला बांधता येते. पहाटे तीनला उठून कोंबड्या साफ करणारा मुलगा ते कोठून आणणार? आणि मुलाने तसे करावे, असे त्याच्या आईबापांनाही वाटत नाही. त्यांनी गाळ्यावर राबून त्याला शिकविले ते याचसाठी, की त्याला येथे उभे राहावे लागू नये.

मुंबईचा विषय आम्ही लांबवीत नाही. आपल्याकडेही २०१४ चा पथविक्रेता अधिनियम आहे. त्यात मोजणी आहे, प्रमाणपत्र आहे, विक्रीची नेमलेली जागा आहे. कागदावर तो उत्तम आहे. तरी आजही पालिकेची गाडी आली की वडापाववाला कढई उचलून पळतो, आणि उकळत्या तेलाची कढई घेऊन पळणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला निराळे सांगावयास नको.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सौ. स्वतः म्हणाली, "आज मी जाते आणायला." आम्ही दोघे खाली गेलो. कोंबडीभाताच्या गाळ्यावर एक वृद्ध जोडपे असते. तो चिरतो, ती बांधते. तीन आठवड्यांत ओळख झाली होती. सौ.ने बोटे दाखवून "चार, ता-पाऊ" म्हटले. बाईने मान डोलावली, आणि आमच्या हातातील पिशवीकडे पाहून हसली. घरातला स्टीलचा पुडाचा डबा सौ.ने बरोबर आणला होता. तिने तो घेतला, एकेक पूड पुसला, भात भरला, कोंबडी मांडली, चटणीसाठी वरचा पूड ठेवला. झाकण लावून कडी घालताना तिची बोटे क्षणभर अडखळली नाहीत. तिने असा डबा पूर्वी पुष्कळदा भरला असावा. पेटीचे तीस सेंट तिने हिशेबातून वजा केले, आणि वर कोंबडीचा एक तुकडा जास्त घातला.

गाळ्याच्या काचेवर तीन भाषांत एक कागद चिकटविलेला होता. पुतण्याने नंतर वाचून सांगितले, की पुढील महिन्याच्या अखेरीस गाळा बंद होत आहे.